पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव : मानवनिर्मित पाणथळींचा इतिहास आणि संरक्षणाचा प्रश्न

सारांश

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग या प्रदेशात माजी मालगुजारी तलावांचे विस्तीर्ण जाळे आहे. हे तलाव मानवनिर्मित असले तरी कालौघात ते समृद्ध पाणथळ परिसंस्था बनले. तथापि २०१७ च्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेल्या जलसंरचना पाणथळीच्या व्याख्येतून वगळल्या. हे तलाव खरोखरच केवळ सिंचनासाठी बांधले व वापरले गेले काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

बीजशब्द : मालगुजारी तलाव, निस्तार, वाजिब-उल-अर्ज, कोहळी, ढिवर, पाणथळ नियम.

प्रस्तावना

पाणथळ जागा म्हणजे निरुपयोगी दलदल, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू मागे पडली. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. या कराराने पाणथळीची व्याख्या अत्यंत व्यापक ठेवली. पाणी नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायम असो वा हंगामी, स्थिर असो वा वाहते, गोडे असो वा खारे, अशा सर्व जागा तीत समाविष्ट होतात. याचाच अर्थ, माणसाने बांधलेला तलावही पाणथळ असू शकतो, हे करारास प्रारंभापासून मान्य होते.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये घोषित झालेले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे निर्माण झाले आहे. त्यानंतर त्याच वर्षी लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी या यादीत आली. परंतु ज्या प्रदेशात तलावांची संख्या हजारांनी मोजली जाते, त्या पूर्व विदर्भातील एकही तलाव या तिन्हींत नाही. ही बाब केवळ प्रशासकीय योगायोगाची नाही. तिच्यामागे या तलावांकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेल्या बदलाचा दीर्घ इतिहास आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

१) मालगुजारी तलावांच्या निर्मितीमागील सामाजिक व्यवस्थेचा आढावा घेणे.
२) तलावावरील सामूहिक हक्कांत ब्रिटिश काळापासून झालेले बदल तपासणे.
३) या इतिहासाचा आजच्या पाणथळ संरक्षणाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा असून जिल्हा गॅझेटिअर, जमाबंदीविषयक अहवाल, रसेल व हिरालाल यांचा १९१६ चा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ आणि संबंधित कायदे या साधनांवर तो आधारलेला आहे.

प्रदेश आणि तलावांची घडण

वैनगंगेचे खोरे हा धानाचा प्रदेश आहे. येथे पाऊस पश्चिम विदर्भाच्या तुलनेने पुष्कळ अधिक पडतो. तरीही केवळ पावसाच्या भरवशावर धान हाती येईल याची शाश्वती नसते. पऱ्हे तयार झाले आणि रोवणीच्या वेळी पावसाने ओढ दिली, अथवा लोंब्या भरण्याच्या सुमारास परतीचा पाऊस आला नाही, तर हाताशी आलेले पीक जाते. भारी धानाला तर हा धोका अधिक. म्हणून येथील तलावाचे मूळ कार्य बारमाही बागायत उभी करण्याचे नव्हते. पावसाच्या दोन सरींमधील खंड भरून काढणे, हे त्याचे कार्य होते.

टेकड्यांच्या उतारावरील पाणी अडविण्यासाठी दोन उंचवट्यांमध्ये मातीची पाळ घातली जाई. पाळीतून शेतीला पाणी सोडण्यासाठी तुडूम आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा, ज्यास स्थानिक बोलीत सलंग म्हणतात, अशी रचना असे. वरच्या अंगाला लहान बोड्या, त्यांच्याखाली मोठा तलाव, त्याखाली धानाच्या बांध्या आणि बांध्यांतून झिरपलेले पाणी पुन्हा खालच्या बोडीत, अशी ही साखळी होती. एकाच मोठ्या धरणात पाणी कोंडण्याऐवजी ते संपूर्ण शिवारात टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे तंत्र तीत दिसते. शासकीय गणतीनुसार अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोकव्यवहारात त्यांना 'मामा तलाव' म्हटले जाते.

या रचनेचा एक परिणाम येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पसरट उतारावर पाळ घातल्यामुळे तलावाचा पसारा मोठा आणि काठाकडील खोली अत्यल्प राही. पावसाळ्यात पाणी दूरवर पसरे आणि उन्हाळ्याकडे ते मागे हटत जाई. मागे हटलेल्या पाण्याने उघडी पडलेली ओलसर जमीन गाळपेरीसाठी आणि गुरांच्या चराईसाठी उपयोगी पडे. हाच उथळ, कधी पाण्याखाली तर कधी उघडा राहणारा पट्टा देवधान, कमळ, पाणवनस्पती, माशांची पैदास आणि पाणपक्षी यांचे आश्रयस्थान ठरला. म्हणजेच पाणथळीची परिसंस्था ही तलावाच्या मूळ रचनेतूनच उद्भवली होती.

निर्माते आणि आश्रयदाते

तलावनिर्मितीचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तेथील कोहळ्यांचे पाणी अडविण्याचे कसब पाहून त्याने त्यांना आपल्या राज्यात आणले, अशी आख्यायिका रसेल व हिरालाल यांनी नोंदविली आहे. तिची ऐतिहासिकता सिद्ध करणे कठीण आहे. परंतु जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास आणि तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याचे गोंड राजांचे धोरण होते, ही स्मृती चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालकारांपर्यंत टिकून होती. राज्यसत्तेने स्वतः तलाव बांधण्याऐवजी बांधणाऱ्यास हक्क देऊन प्रोत्साहित करावे, हा या धोरणाचा गाभा होता.

नवेगावबांध हे या परंपरेचे सर्वपरिचित उदाहरण होय. सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे गॅझेटिअर सांगते. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांनी वेढलेला आहे. तलाव बांधणारा कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाला आणि टेकडीवर त्याचे ठाणे आले. ज्याने पाणी अडविले त्याला देवत्व देणारा समाज त्या पाण्याकडे केवळ उत्पादनाचे साधन म्हणून पाहत नव्हता, असे अनुमान येथे करता येते. शिवनीबांध आणि सिरेगावबांध हे मोठे तलावही याच समाजाच्या कर्तृत्वाची साक्ष देतात.

तथापि निर्मितीचे श्रेय एकाच समाजाला देणे अपुरे ठरेल. पाळीवर माती टाकणारे हात अनेक जातींचे होते. पाण्यातील मासळी, शिंगाडा व कमळकंद यांवर ढिवर समाजाची उपजीविका चाले आणि कोणत्या तलावात कोणता मासा कोणत्या ऋतूत कुठे अंडी घालतो याचे ज्ञान त्यांच्याकडे होते. हे ज्ञान गॅझेटिअरच्या पानांवर फारसे उमटले नाही. तलाव बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. तो जिवंत ठेवणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

निस्तार : एका पाण्यावरील अनेक हक्क

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६० च्या दशकातील जमाबंदीत महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाच्या जमिनीवर मालकी हक्क देण्यात आले. त्याबरोबर गावातील तलावही त्यांच्या मालकीचे ठरले. तोवर जे नाते सेवा, मानपान आणि परस्पर जबाबदारी यांचे होते, त्याला आता कायदेशीर मालकीचे रूप आले.

परंतु ही मालकी निरंकुश नव्हती. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावच्या चालीरीतींची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात करण्यात येई. तलावाचे पाणी कोणत्या शेतांना मिळावे, मासे कोणी धरावेत, गुरांना पाणी कुठे पाजावे, वाट कुठून असावी, अशा बाबींना त्यात स्थान होते. दैनंदिन गरजांसाठी गावातील जंगल, चराई, पाणी यांचा वापर करण्याच्या रयतेच्या हक्काला 'निस्तार' ही संज्ञा होती. मालगुजार तलावाचा धनी असला तरी ते पाणी त्याच्या एकट्याचे नव्हते, हे ब्रिटिश महसूल यंत्रणेलाही नाकारता आले नाही.

अर्थात या व्यवस्थेचे आदर्शीकरण करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. मालगुजारीत वेठ होती, जातीची उतरंड होती. पाण्याचा पहिला मान कोणाचा आणि उरलेले पाणी कोणाचे, हे सामाजिक स्थानावर ठरत असे. ढिवरांचा मासेमारीचा हक्क पुष्कळदा मालगुजाराच्या मर्जीवर अवलंबून राही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. तलाव फुटला तर मालगुजाराचे धान जाई, शेतकऱ्याचे पीक जाई, ढिवराची मासळी जाई आणि गावाची गुरे तहानेली राहत. नुकसान सर्वांचे होते म्हणून दुरुस्तीत सर्वांचा हात होता.

याच काळात दुसरी एक दृष्टी आकार घेत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. १९०१-०३ च्या सिंचन आयोगानंतर या प्रांतात शासकीय सिंचन प्रकल्पांना चालना मिळाली. असोलामेंढा, घोडाझरी, नलेश्वर यांसारखे तलाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. यातून 'सिंचन' हा स्वतंत्र शासकीय विषय बनला. त्याचे मोजमाप ओलिताखालील एकरांत आणि पाणीपट्टीच्या वसुलीत होऊ लागले. पुढे हेच माप जुन्या गावतलावांनाही लावण्यात आले.

१९५० चा कायदा आणि तलावाची वाटणी

मध्य प्रदेश मालकी हक्क संपुष्टात आणण्याचा कायदा १९५० मध्ये संमत झाला आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली. जमीनविषयक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक व स्वागतार्ह होते. माजी मालकांच्या वहिवाटीच्या जमिनीतील तलाव, तसेच ज्यांवर इतर कोणाचाही ओलिताचा हक्क नव्हता असे तलाव त्यांच्याकडे राहिले. उर्वरित तलाव शासनाकडे आले.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव त्यांच्याकडे आणि मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. मासेमारीचे ठेके मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना देण्याची पद्धत रूढ झाली. गाळपेर जमीन महसूल खात्याचा विषय ठरली, तर तलावाच्या वरचे जंगल वनखात्याकडे गेले. निस्तारात जे पाणी एक होते, ते खात्यांच्या कागदांवर चार ठिकाणी वाटले गेले. निस्तारहक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी आकारण्यावरून शेतकरी व शासन यांच्यात वादही उद्भवले. पाण्याचे मूल्य द्यावयाचे तर दुरुस्तीही शासनानेच करावी, अशी भावना निर्माण होणे स्वाभाविक होते. पाळीवर माती टाकण्याची सामूहिक जबाबदारी यातून शिथिल झाली.

या संदर्भात महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम १६१ मध्ये निस्तारपत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद कायम ठेवण्यात आली. परंतु कलम १६५ नुसार सिंचनाच्या व मासेमारीच्या चालीरीतींची नोंद करावयाची, ती राज्य शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या वा व्यवस्थापनाखाली नसलेल्या जमिनी व पाण्याबाबत. याचा परिणाम असा की, तलाव शासनाचा झाला त्याच क्षणी त्याच्यावरील लोकांच्या चालीरीती या नोंदीच्या कक्षेबाहेर गेल्या. मालगुजाराविरुद्ध रयतेला जो कागद दाखविता येत होता, तसा कागद लोकनियुक्त शासनापुढे ठेवण्याची सोय राहिली नाही. मालगुजारी उन्मूलनाच्या इतिहासातील हा विरोधाभास आजवर पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

पाणथळीचा ऱ्हास

एकेका खात्याने आपल्या उद्दिष्टाप्रमाणे तलावाकडे पाहिले. उत्पादनवाढीसाठी रोहू, कटला, मृगळ या माशांचे बीज सोडण्यात आले; मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या स्थानिक माशांचे स्थान आकुंचित झाले. काठावर बेशरम ही परदेशी वनस्पती माजली आणि उथळ पट्टा व्यापून बसली. पाण्यातील देशी वनस्पती घटल्या तशी माशांची अंडी घालण्याची जागाही घटली. पोटातील गाळ वाढला, तर काही ठिकाणी गाळपेरीच्या नावाखाली कायमची अतिक्रमणे झाली.

दुरुस्तीच्या योजनांतही हाच एकांगीपणा दिसतो. 'जलयुक्त शिवार' आणि २०१७ पासूनची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' यांसारख्या योजनांनी तलावांकडे पुन्हा लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. गाळ काढणे गरजेचेच आहे. परंतु साठवणक्षमता हेच एकमेव माप मानून तलाव सर्वत्र सारखा खोल केला, तर काठाकडील उथळ उतार नष्ट होतो. पाणी वाढते, पाणथळ मात्र नाहीशी होते.

याचा सर्वांत ठळक साक्षीदार सारस पक्षी आहे. महाराष्ट्रात सारसाचे वास्तव्य आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात उरले असून त्याची संख्या शंभराच्याही बरीच आत आहे. हा पक्षी धानाची बांधी आणि उथळ तलाव या दोन्हींवर अवलंबून असतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारस संवर्धनाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. वन अधिकारी म्हणून नवेगावबांध येथे दीर्घकाळ राहिलेल्या मारुती चितमपल्ली (निधन २०२५) यांच्या लेखनाने हे पक्षिवैभव मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले होते. ते वैभव वनाइतकेच तलावाचे आणि शेताचेही होते, हे विसरता येत नाही.

दुसरीकडे आशादायक प्रयत्नही आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांसह बेशरम काढणे, देशी पाणवनस्पतींची पुनर्लागवड आणि स्थानिक माशांचे संवर्धन असे कार्य केले. पुनरुज्जीवनासाठी लागणारे ज्ञान बाहेरून आणावे लागले नाही. ते मासेमारांकडेच होते.

कायद्यातील व्याख्या आणि इतिहासाची साक्ष

उपग्रह प्रतिमांच्या आधारे तयार झालेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहाने २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदविल्या होत्या. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सर्वांना २०१० च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने नव्या नकाशासंग्रहातील पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी व सीमांकन करण्यास राज्यांना फर्मावले.

मात्र २६ सप्टेंबर २०१७ च्या नव्या नियमांनी नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे, तसेच मत्स्यशेती, मीठ उत्पादन, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या संरचना व्याख्येतून वगळल्या. आंतरराष्ट्रीय कराराने जो दरवाजा उघडा ठेवला होता, तो देशांतर्गत नियमांनी अर्धा लावून घेतला. मामा तलाव आज सिंचनाच्या दप्तरात नोंदलेला असल्यामुळे त्याला 'सिंचनासाठी खास बांधलेली संरचना' ठरविणे सोपे जाते. २.२५ हेक्टरपेक्षा लहान बोड्या तर नकाशासंग्रहाच्या गणतीतच येत नाहीत.

येथे इतिहासाची साक्ष निर्णायक ठरते. वर पाहिल्याप्रमाणे हे तलाव सिंचन हा स्वतंत्र शासकीय विषय होण्यापूर्वीचे आहेत. त्यांच्यावर ओलीत, मासेमारी, शिंगाडा, चराई, गुरांचे पाणी आणि घरगुती वापर असे अनेक हक्क एकाच वेळी नांदत होते आणि जुन्या जमाबंदीच्या कागदांत त्यांची नोंद झाली. त्यामुळे 'खास सिंचनासाठी' हे वर्णन या तलावांना ऐतिहासिकदृष्ट्या लागू पडत नाही. ते तलावाचे मूळ स्वरूप नसून नंतरच्या प्रशासकीय विभागणीतून त्याला चिकटलेले नाव आहे.

पाणथळ घोषित झाल्यास आपल्या वापरावर बंदी येईल, अशी भीती शेतकरी व मासेमार यांना वाटणे अस्वाभाविक नाही. संरक्षित क्षेत्रांच्या अनुभवामुळे तिला आधारही मिळतो. परंतु २०१७ च्या नियमांनी अतिक्रमण, अन्य वापरासाठी रूपांतर, कचरा व सांडपाणी टाकणे, उच्चतम पूररेषेच्या सरासरीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम अशा बाबींना मनाई केली असून 'सुज्ञ वापर' हे तत्त्व स्वीकारले आहे. पारंपरिक निस्तार आणि सुज्ञ वापर यांत विरोध नाही. याखेरीज २००६ च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रात निस्तारासारख्या सामूहिक हक्कांना, तसेच जलाशयांतील मासे व अन्य उत्पादनांवरील हक्कांना मान्यता दिली आहे. जंगलालगतच्या अनेक तलावांना ही तरतूद उपयोगी ठरू शकते.

निष्कर्ष व सूचना

१) मालगुजारी तलावांची पाणथळ परिसंस्था ही त्यांच्या उथळ, साखळीबद्ध रचनेचा आणि बहुविध वापराचा परिपाक आहे.
२) १९५० च्या कायद्याने मालगुजाराची सत्ता संपविली, परंतु रयतेच्या सामूहिक हक्कांना तेवढ्याच भक्कम नोंदीचा आधार मिळाला नाही.
३) जुने वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रके जिल्हा अभिलेखागारांतून शोधून त्यांचे जतन व गावनिहाय संकलन करावे. इतिहास विभागांनी हे कार्य महसूल यंत्रणेच्या सहकार्याने हाती घ्यावे.
४) पाणथळींच्या पडताळणीत मामा तलावांना 'सिंचन' या एकाच शीर्षाखाली वगळू नये, त्यांच्या ऐतिहासिक बहुविध वापराचा पुरावा ग्राह्य धरावा.
५) गाळ काढताना काठाचा उथळ पट्टा राखून ठेवावा आणि आराखड्यात मासेमार समाजाचे मत अनिवार्य करावे.
६) तलाव व त्यावरच्या बोड्या यांचा एकत्रित विचार करावा. साखळीतील एक दुवा तुटला, तर खालचा तलाव फार काळ टिकत नाही.

मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. परंतु मालगुजाराबरोबर गावाचा पाण्यावरील शब्दही जावा, असे कोणाच्याही मनात नव्हते. तो शब्द जुन्या कागदांत अद्याप शिल्लक आहे. पडताळणीचे काम पुरे होऊन सीमा कायम होण्यापूर्वी तो वाचला गेला, तरच त्याचा काही उपयोग आहे.